नापास पाणी

पाण्याला जात नसते, धर्म नसतो, देश नसतो. पाणी फक्त पाणी असतं. हे वाक्य राजश्रीने एकदा ग्लासगोच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये माइकसमोर म्हटलं होतं. आवाज किंचित भरून आला होता, आणि समोर बसलेल्या मंडळींनी सामोसे खाली ठेवून टाळ्या वाजवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. लॅबमध्ये जाऊन तिने दुपारच्या सँडविचच्या आधी अकरा पाण्यांना नापास केलं. त्यात एक गोल्फ क्लबच्या तळ्याचं होतं, एक कुणा खानदानी माणसाच्या इस्टेटीतलं होतं आणि एक बदकांसाठी प्रसिद्ध असलेल्या पार्कातलं. पाणी फक्त पाणी असतं हे त्या अकरांपैकी एकालाही तिला सांगता आलं नसतं. तसं ते असतं तर तिला इथे कुणी बोलावलंच नसतं, व्हिसा मिळाला नसता, या शहरात घर झालं नसतं आणि मुलाचा, सम्यकचा, जन्म कुठल्यातरी जिल्हा रुग्णालयात झाला असता.

हे सगळं आज आठवायचं कारण इतकंच की मोरागने फ्रीझरच्या तळातून एक ट्यूब काढून तिच्या नाकासमोर धरली. ऑडिट तोंडावर आलं होतं. ऑडिट म्हणजे बाहेरून दोन शांत माणसं येतात, चहा नको म्हणतात आणि प्रत्येक बाटलीला नंबर आहे की नाही ते बघतात. नंबर नसलेली वस्तू लॅबमध्ये सापडणं म्हणजे लग्नाआधीचं मूल लग्नात सापडण्यासारखं. म्हणून सकाळपासून मोराग फ्रीझर उपसत होती. मोराग याच शहरात जन्मलेली, राजश्रीच्याच वयाची, पंचवीस वर्षं शेजारच्या बाकावर काम केलेली बाई. तिचं इंग्रजी समजायला राजश्रीला पहिली दोन वर्षं गेली होती. तिने ट्यूबवरचा बर्फ अंगठ्याने पुसला आणि विचारलं की हे कुणी काय काढलंय, मासा आहे का? राजश्रीने बघितलं. मासा नव्हता. तिच्याच हस्ताक्षरात, न पुसल्या जाणाऱ्या काळ्या पेनाने, दोन अक्षरं होती: आई.

"माझीच आहे," ती म्हणाली. मोरागने विचारलं, टाकून देऊ? राजश्री म्हणाली, राहू दे, मी बघते. आणि ट्यूब तिच्या हातमोज्यातल्या हातात आली. बर्फाचा गारवा रबरातून आत यायला थोडा वेळ लागतो, तसा लागला.

तिचं काम समजावून सांगायला सोपं होतं आणि सांगितल्यावर लोक जरा लांब सरकून बसत. उन्हाळ्यात तळ्यांवर हिरवी साय धरते. लोक तिला शेवाळ म्हणतात, पण ते शेवाळ नसतं, बॅक्टेरिया असतात, आणि त्यांतले काही विष तयार करतात. का करतात हे अजून कुणालाच धड कळलेलं नाही. एकाच जातीचे, एकाच तळ्यातले, शेजारी शेजारी वाढलेले. त्यांतला एक विषारी निघतो आणि दुसरा साधाभोळा. लॅबच्या कोपऱ्यात मंद दिव्याखाली काचेच्या चंबूंमध्ये असे विषारी बॅक्टेरिया मुद्दाम वाढवलेले असत, कारण विष ओळखायचं तर घरात थोडं खात्रीचं विष असावं लागतं. सुट्टीवर जाताना लोक शेजाऱ्यांना कुंड्यांना पाणी घाल म्हणून सांगतात, तसं राजश्री मोरागला चंबूंकडे लक्ष ठेव म्हणून सांगत असे. हे विष यकृतावर जातं. रंग नाही, चव नाही, गाळून जात नाही, उकळून जात नाही. आणि बहुतेक वेळा ते पाण्यात नसतंच, पेशीच्या आत असतं. म्हणून पाणी आधी गोठवायचं, मग वितळवायचं, परत गोठवायचं, परत वितळवायचं, असं तीनदा. तेव्हा कुठे पेशी फुटते आणि आत काय होतं ते बाहेर येतं. राजश्रीला वाटलं, या ट्यूबला ते करायची गरज नाही. गेल्या दोन वर्षांत शहराची वीज बऱ्याचदा गेली होती, आणि फ्रीझरचं दार नीट न लावण्याची सवय मोरागला होतीच. जे फुटायचं ते एव्हाना फुटलं असणार.

तरी तिने ते केलं. पद्धत म्हणजे पद्धत.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चात राजश्रीच्या आई, रंभाबाई, पहिल्यांदा आणि शेवटचं ग्लासगोला आल्या. वय ब्याऐंशी, वजन असेल नसेल चाळीस किलो, पायात सम्यकने पाठवलेले पांढरे स्पोर्ट्स शूज आणि बॅगेत एक स्टीलची बाटली, तीन साड्यांमध्ये गुंडाळलेली. विमानतळावर त्यांना घ्यायला राजश्री आणि तिचा नवरा शशिधर गेले होते. रंभाबाईंनी लेकीला जवळ घेण्याआधी बॅग उघडून बाटली गळली नाही ना ते बघितलं. शशिधर म्हणाला, आई, आमच्याकडे नळाला पाणी येतं. तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या नळाचं तुम्ही प्या जावईबापू, हे तळ्याचं हाय."

तळ्याचं म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सम्यकलासुद्धा, ज्याला मराठीतलं 'तळं' पुल्लिंगी वाटायचं आणि आजीला तो बिनदिक्कत "तुझा भाजी मस्त झाला" म्हणायचा. रंभाबाई आठ वर्षांच्या असताना गावाच्या तळ्याच्या पायरीवर तहानेने वाकल्या होत्या. पाण्यात हात घालणार, तेवढ्यात वरच्या पायरीवरून एक बाई म्हणाली, पोरी, हात लावू नकोस हं, ते पाणी तुझ्यासाठी नाही. ही गोष्ट रंभाबाईंनी राजश्रीला लहानपणी कितीतरी वेळा सांगितली होती, आणि दर वेळी एकाच ठिकाणी थांबत. "शिव्या दिल्या असत्या ना तिनं, तर मी इसरून गेले असते," त्या म्हणत. "पन ती लई गोड बोलली गं." पुढे काही वर्षांनी, महाडच्या आठवणीने पेटलेली गावातली माणसं रंभाबाईंच्या वडिलांच्या मागे त्या तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. डोकी फुटली, दोघांचे हात मोडले, पण पाणी प्यायली. रंभाबाईंनीही तेव्हा एक ओंजळ घेतली. तेव्हापासून दरवर्षी मार्चातल्या त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाने त्या तळ्याचं पाणी प्यायचं. जास्त नाही. ओंजळभर, नंतर घोटभर, आणि कुटुंब वाढत गेलं आणि तळं आटत गेलं तसं चमचाभर. ज्यांना गावी जमणार नाही त्यांच्यासाठी बाटली जायची. पुण्याला गेली, नागपूरला गेली, एकदा दुबईला गेली. ग्लासगोला बाटली यायची राहिली होती, म्हणून ती रंभाबाईंनी स्वतः आणली.

राजश्रीने प्लेट पुढे घेतली. ही छोट्या छोट्या खळग्यांची प्लास्टिकची थाळी; आप्पेपात्राचं विज्ञान शिकलेलं भावंड म्हणावं अशी. एकेका खळग्यात एकेक पाणी. आज सकाळी आलेले नमुने तिने ओळीने घातले: दोन लॉख, म्हणजे इथली तळी, एक धरण आणि एका हॉटेलच्या बागेतलं डबकं. उरलेल्या कोपऱ्यात तिने आईचं पाणी घातलं. दोन खळग्यांत घातलं. हे महत्त्वाचं होतं. एका खळग्याचा आकडा म्हणजे आकडा नव्हे, हे ती नव्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवत असे. दोन खळगे, दोन्ही जुळले पाहिजेत. नाहीतर आकडा कुणालाही सांगायचा नाही, स्वतःच्या नवऱ्यालाही नाही. आणि त्या वर्षीच्या मार्चात तिने आईचं पाणी एकाच खळग्यात घातलं होतं.

का घातलं होतं? सवय. दुसरं कुठलंही उत्तर तिला सापडत नव्हतं आणि सापडलं असतं तर तिने ते एव्हाना वापरलं असतं. रंभाबाईंनी बाटली फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवली होती. सकाळी चहाचं दूध काढताना राजश्रीच्या हाताला ती लागली. तिने झाकण उघडून वास घेतला. मातीचा वास होता, आणि त्याच्या खाली एक दुसरा, हिरवा, जो तिला ओळखीचा होता. आई म्हणाली होती, तळ्यावर आता हिरवी साय येते, पण आपण खालचं घेतलंय, सात पदरी कापडातून गाळून. राजश्रीने खिशातली ट्यूब काढली. लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या खिशात ट्यूब असते, जशी काही माणसांच्या खिशात सुपारी असते. ती भरून घेतली, लॅबमध्ये नेली, आणि शुक्रवारी संध्याकाळी प्लेटवर एक खळगा शिल्लक होता म्हणून त्यात टाकली. ट्यूबवर काय लिहायचं हे सुचेना. नमुन्याचं ठिकाण लिहायचं असतं. तिने लिहिलं, आई.

आकडा आला तीन पॉइंट दोन. पिण्याच्या पाण्याची मर्यादा एक. ती चाचणी परत करायला हवी होती, पण किट संपलं होतं, नवं सोमवारी येणार होतं, आणि कार्यक्रम रविवारी होता.

आता तिने घड्याळ लावलं आणि वाट बघत बसली. या चाचणीत बराचसा वेळ वाट बघण्यातच जातो, आणि तेवढा वेळ माणसाला करण्यासारखं काहीही नसतं, हाच तिचा दोष. एरवी मोराग या वेळात नव्या प्रेमप्रकरणाचं काहीतरी सांगायची. आज मोराग फ्रीझरच्या दुसऱ्या कप्प्यात डोकं घालून होती. खिडकीबाहेर ग्लासगोचं आकाश नेहमीप्रमाणे पडावं की पडू नये या विचारात होतं. राजश्रीने हातमोजे काढले, घातले, परत काढले. आकडा तीन आला तर त्या दिवशी ती बरोबर होती. आणि आकडा शून्य आला तर, एका खळग्याच्या भरवशावर, जो आकडा तिने कुठल्याही गोल्फ क्लबला सांगितला नसता तो तिने आईला सांगितला होता, भरल्या घरात. यातलं काय निघावं असं आपल्याला वाटतं, हे तिने स्वतःला विचारून बघितलं. उत्तर आलं, आणि ते तिला आवडलं नाही. तिला आईच्या तळ्यात विष हवं होतं.

त्या रविवारी तिच्या बैठकीच्या खोलीत वीसेक माणसं होती. बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो शेकोटीवरच्या मॅंटलपीसवर, मेणबत्त्या, पांढरी फुलं. त्रिशरण, पंचशील झालं. एडिनबरामधून आलेल्या एका गृहस्थांनी समतेवर बोलताना तीन वेळा पार्किंगचं तिकीट संपत आल्याचं सांगितलं. सम्यक ब्रॅकनेलच्या त्याच्या ऑफिसातून सुट्टी घेऊन आला होता आणि सतरंजीवर आजीच्या गुडघ्याला टेकून बसला होता. मग रंभाबाई उठल्या. त्यांनी पांढरी साडी नेसली होती, पायात ते पांढरे शूज होते, आणि हातात स्टीलची बाटली आणि घरून आणलेला चांदीचा चमचा. चमचा त्यांच्या आईचा होता. त्यांना भाषण येत नव्हतं. त्यांनी बाटलीचं झाकण काढलं, चमच्यात पाणी ओतलं आणि पहिला चमचा रिवाजाप्रमाणे स्वतःच्या तोंडाकडे नेला.

राजश्रीने हे कितीदा आठवलं होतं. आणि दर वेळी ती त्या क्षणी थोडी उशिरा उठत असे, म्हणजे पाणी आईच्या पोटात जाऊन गेलेलं असे आणि मग बोलण्यासारखं काही उरत नसे. प्रत्यक्षात ती वेळेवर उठली. तिने पुढे होऊन चमच्याखाली हात धरला. तिचा आवाज अजिबात चढला नाही. तिचा एक आवाज होता, लॅबमध्ये घाबरलेल्या लोकांशी फोनवर बोलण्याचा, मऊ आणि खात्रीचा, ज्याबद्दल तिला एकदा सर्टिफिकेट मिळालं होतं. त्या आवाजात ती म्हणाली,

"आई, हात नको लावूस हं त्याला. ते पाणी तुझ्यासाठी चांगलं नाही."

रंभाबाईंचा हात मागे गेला. कुणी ओढल्यासारखा नाही, भाजल्यासारखाही नाही. ब्याऐंशी वर्षांच्या बाईचा हात इतक्या चटकन कसा मागे जाऊ शकतो, हे राजश्रीला तेव्हा वैद्यकीयदृष्ट्या थोडं आश्चर्याचं वाटलं होतं. चमचा तिच्या हातात राहिला. आई तिच्याकडे बघत होती. पण तिच्याकडे नव्हे, तिच्या थोडं वर, जशी कुणी वरच्या पायरीवर उभी असावी. मग त्यांनी विचारलं,

"उकळून घेतलं तर?"

"उकळून जात नाही ते," राजश्री म्हणाली. आणि मग, माणसं बघत होती म्हणून, तिने सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. बॅक्टेरिया, यकृत, मर्यादा. तीन पॉइंट दोन. चांगलं समजावलं. एडिनबराच्या गृहस्थांनी मान डोलावली. शशिधरने प्रसंग सावरायला किचनमधून सुपरमार्केटचा ऑरेंज ज्यूस आणला आणि कागदी कपांत सगळ्यांना दिला, आणि त्या वर्षीचा पाण्याचा दिवस त्या कुटुंबाने ज्यूसवर साजरा केला. रंभाबाईंनी कप घेतला, पण प्यायला की नाही ते कुणी बघितलं नाही. संध्याकाळी सगळे गेल्यावर सम्यकने भांडी पुसता पुसता हळूच म्हटलं, "मम, तू तिला जस्ट पिऊ द्यायचं होतं ना." राजश्री म्हणाली, तुला सायन्स कळत नाही. सम्यकने भौतिकशास्त्रात फर्स्ट क्लास मिळवला होता. त्याने तो एक कप दोनदा पुसला.

बाटलीतलं उरलेलं पाणी राजश्रीने नियमाप्रमाणे ब्लीच घालून टाकलं. बाटली लॅबमध्ये नेऊन वाफेवर निर्जंतुक केली आणि आईला परत दिली. इतकी स्वच्छ बाटली त्या घराण्यात यापूर्वी कुणाकडे नव्हती.

घड्याळ वाजलं. तिने प्लेट धुतली, रंगाचं द्रावण घातलं आणि पुन्हा थांबली. खळग्यांमध्ये निळा रंग चढायला लागला. या चाचणीत उलटं असतं, विष जितकं जास्त तितका रंग फिका. नव्या माणसांचा इथेच गोंधळ होतो. गडद निळा बघून ते घाबरतात आणि फिका बघून खूश होतात. राजश्रीचा गोंधळ होत नसे. आईचे दोन खळगे तिने मुद्दाम बघितले नाहीत, म्हणजे पूर्णवेळ त्यांच्याकडेच बघितलं.

त्यानंतर आई चार आठवडे राहिली. रुसली नाही, रडली नाही, टोमणा मारला नाही. स्वयंपाक केला, सम्यकला फोनवर भाकरीचं पीठ मळायला शिकवलं, शशिधरबरोबर पार्कात जाऊन बदकांना ब्रेड घातला, जो घालू नये अशी तिथे पाटी होती. फक्त एक झालं. किचनमध्ये नळाशी जाताना ती थांबायची आणि विचारायची, "पाणी घेऊ का गं?" पहिल्यांदा राजश्री म्हणाली, घे ना, विचारतेस काय. दुसऱ्यांदा म्हणाली, अगं आई, घर तुझंच आहे. मग तिला त्याचा कंटाळा येऊ लागला. कामावरून दमून यावं, बूट काढावेत, आणि किचनच्या दारात ही छोटीशी बाई हातात रिकामा पेला घेऊन उभी. पाणी घेऊ का गं? म्हातारपण, राजश्रीने मोरागला सांगितलं. मोरागची आईही शेवटी शेवटी असंच काहीतरी करायची; ती सारखी घराची आवराआवर करत बसायची. एकदा राजश्री बाथरूममध्ये होती आणि बाहेरून आवाज आला, राजू, पाणी घेऊ का? तिने शॉवर चालू ठेवून ओरडून हो म्हटलं. बाहेर आली तेव्हा आई पेला घेऊन तशीच उभी होती. हो ऐकू आलं नव्हतं.

विमानतळावर निघताना राजश्रीने आईला पाण्याची बाटली विकत घेऊन दिली. सीलबंद, नामांकित झऱ्याची. रंभाबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, भेटवस्तू घ्यावी तशी, आणि विचारलं, "हे चालतं ना गं मला?" राजश्री हसली. आता तिला आठवलं की आपण हसलो होतो.

आई पुढच्या जानेवारीत गेली. विषाने नाही, झोपेत, हृदय थांबून. भावाचा फोन आला तेव्हा राजश्री सुपरमार्केटच्या रांगेत होती. तिने गावी जाऊन सगळं केलं. तळ्यावरही गेली. उन्हाळा नव्हता, साय नव्हती, पाणी चांगलं दिसत होतं. भावाने चमचा पुढे केला. चमचा तोच. राजश्रीने तो घेतला, भावाकडे बघितलं, आणि प्यायली. काय प्यायलो, किती पॉइंट, हे तिने त्या वेळी स्वतःला विचारलं नव्हतं. तेव्हा तिला ती शरणागती वाटली होती. परतीच्या विमानात वाटलं की चोरी होती.

तिने शेवटचं द्रावण घातलं. निळा झटकन पिवळा झाला, सगळे खळगे एकदम, आणि प्लेट मशीनमध्ये सरकवली. मशीनने थोडा वेळ आतल्या आत विचार केला आणि आकडे दिले. पहिला लॉख स्वच्छ. दुसरा लॉख स्वच्छ. धरण स्वच्छ. हॉटेलचं डबकं, अपेक्षेप्रमाणे, नाही. शेवटचे दोन: तीन पॉइंट एक आणि तीन पॉइंट दोन. जुळत होते. यापेक्षा चांगले जुळलेले दोन आकडे तिने त्या आठवड्यात बघितले नव्हते.

म्हणजे ती बरोबर होती. तिला वाटलं होतं की हलकं वाटेल. खुर्चीत बसल्यावर पाठीतून काहीतरी सैल झालंही. पण ते हलकेपण नव्हतं. आपण दोन वर्षं एका दाराला पाठ लावून उभे आहोत आणि पलीकडे कुणीच ढकलत नाहीये, असं कळावं तसं झालं. बरोबर असणं हे तिला लहानपणापासून जमत आलेलं होतं. त्या जोरावर ती गावातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून मुंबईला आणि तिथून इथे आली होती. आईच म्हणायची, माझी राजू चुकत न्हाई.

तेवढ्यात फोन वाजला. कुठल्यातरी कौन्सिलने तळ्याकाठच्या पाट्यांवर चुकून या लॅबचा नंबर छापला होता, त्यामुळे उन्हाळ्यात पोहायला गेलेली माणसं घरी जाण्याआधी इथे फोन करत. आज एक निवृत्त शिक्षिका होती. थंड पाण्यात पोहण्याचा नाद या देशात बायकांना साठीनंतर लागतो, आणि त्यावर कुठलाही उपाय सापडलेला नाही. बाई सांगत होत्या की त्या लॉखमध्ये उतरल्या, पोहल्या, एक लाट तोंडावर आली, दोन घोट पोटात गेले, आणि बाहेर आल्यावर त्यांना पाटी दिसली. आवाज कापत होता. आता काय होईल? मुलीला बोलावून घेऊ का?

राजश्रीचा तो आवाज आपोआप आला, मऊ आणि खात्रीचा. तिने आधी विचारलं की पाण्यावर हिरवी साय होती का. नव्हती. मग लॉखचं नाव विचारलं आणि आठवड्याचे आकडे बघितले. मर्यादेच्या थोडं वर होतं, दोनच्या आसपास. आणि मग तिने ते सांगितलं, जे ती पंधरा वर्षं अशा फोनवर सांगत आली होती, इतक्या वेळा की त्यातले शब्द तिला आता ऐकूही येत नसत.

"घाबरू नका. ही मर्यादा एखाद्या घोटासाठी नसते. साठ किलोच्या माणसाने रोज दोन लिटर, आणि तेही आयुष्यभर, प्यायलं तर काय होईल, त्या हिशोबाने ती ठरवलेली आहे. तुम्ही दोन घोट प्यायलात. त्याने काही होत नाही. बरं वाटेनासं झालं तर डॉक्टरांना फोन करा, पण मला वाटतं तुम्ही आता घरी जाऊन..."

ती थांबली. पलीकडून बाई हॅलो, हॅलो म्हणत होत्या.

"...घरी जाऊन गरम चहा घ्या," राजश्री म्हणाली.

बाईंनी खूप आभार मानले. म्हणाल्या, तुम्ही किती छान समजावून सांगता, किती गोड बोलता. राजश्रीने फोन ठेवला. फ्रीझरपाशी मोराग सरळ उभी राहिली, कंबरेला हात लावला आणि विचारलं की त्या माशाच्या ट्यूबचं काय करायचं, ऑडिटवाले उद्या सकाळी येणार आहेत आणि तिला नंबर नाही.

ट्यूब बाकावर होती, वितळलेली, जवळजवळ भरलेली. दोन्ही चाचण्यांना मिळून काही थेंबच लागले होते. राजश्रीने ती दिव्यासमोर धरली. आत स्वच्छ पाणी होतं. बाजूला कंपनीने छापलेल्या रेषा होत्या आणि त्यांच्याशेजारी बारीक आकडे, जे तिने रोज बघितले होते. ट्यूब दहा मिलीलिटरची होती. आईचा चमचा पाचाचा, म्हणजे आत जवळजवळ दोन चमचे.